मोडेन पण वाकणार नाही : खलनायकांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी आधुनिक फँटसी आणि विज्ञानकथांमधील खलनायक व त्यांच्यामागचे पुराणकथांतील आदिबंध (कथांमधून पुन्हापुन्हा येणारे मूळ साचे) हा विषय घेतला. पहिले प्रकरण मी फार मेहनतीने लिहिले होते. व्लादिमिर प्रॉप यांनी रशियन परीकथांच्या आधारे 1928 मध्ये मांडलेली 31 कार्ये (कथा पुढे नेणाऱ्या पात्रांच्या ठरावीक कृती), जोसेफ कॅम्बेल यांच्या 1949च्या ग्रंथातील नायकप्रवासाचे 17 टप्पे आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांची 'छाया' (माणसाने स्वतःपासून दडवलेली काळी बाजू) ही संकल्पना असे तीन आराखडे घेऊन मी सहा खलनायकांचा एक मोठा तक्ता तयार केला होता. मार्गदर्शक मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "तक्ता चुकलेला नाही गं, पण यात सॉरॉनच्या जागी डार्थ व्हेडर लिहिला तर काय बिघडेल, तेवढे मला सांग." सॉरॉन हा टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला खलनायक, तर व्हेडर 'स्टार वॉर्स' चित्रपटांतला. मला उत्तर देता आले नाही. ते प्रकरण पूर्ण बाजूला ठेवावे लागले. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या काही महिन्यांत ह्याच जागी अडकतात, असे मी नंतर अनेकदा पाहिले आहे.

आदिबंध आपल्याला दोन पात्रांमधले साम्य दाखवतो, आणि साम्य सापडल्याचा आनंद इतका मोठा असतो की अभ्यास तिथेच संपला असे वाटू लागते. वास्तविक तिथे तो सुरू होतो. एकाच साच्यातून आलेली दोन पात्रे नेमकी कुठे वेगळी होतात, हे शोधण्यासाठी मला उपयोगी पडलेला प्रश्न एकच आहे : या पात्राला परत फिरण्याची संधी कोणत्या पानावर मिळाली होती, आणि तिचे काय झाले?

हा प्रश्न मला इंग्रज कवी मिल्टनमुळे सुचला. 1667 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॅरडाइज लॉस्ट' या त्याच्या महाकाव्याच्या चौथ्या सर्गाच्या आरंभी देवाविरुद्ध बंड करून नरकात पडलेला सैतान निफाटीस पर्वतावर एकटा उभा आहे. त्याचे सैन्य मागे नरकात राहिले आहे, समोर एडनची बाग आहे आणि डोक्यावर तळपता सूर्य आहे. सुमारे 80 ओळींच्या त्या स्वगतात तो मान्य करतो की देवाने त्याचे काही वाईट केले नव्हते, आणि पश्चात्तापाला अजून जागा आहे का असे स्वतःलाच विचारतो. जागा आहे, पण ती शरण जाण्यातून. आणि शरण गेलो तर ज्यांना मोठमोठ्या गोष्टी सांगून आपण सोबत आणले त्यांच्यासमोर केवढी नामुष्की होईल, या एका विचारापाशी तो मागे सरतो. नवीन विद्यार्थ्यांनी हे स्वगत मोठ्याने वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण मन वळता वळता परत कसे आवळले जाते, ते त्या ओळींच्या लयीतच ऐकू येते.

हे ध्यानात ठेवून टॉल्किन वाचले की सॉरॉन वेगळा दिसू लागतो. 1954-55 मध्ये आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तो जवळजवळ अदृश्यच आहे, म्हणून अनेक जण त्याला निव्वळ दुष्टतेचे प्रतीक मानून पुढे जातात. पण लेखकाच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये प्रकाशित झालेल्या 'द सिल्मरिलियन'च्या शेवटच्या भागात असे येते की त्याचा स्वामी मॉर्गॉथ पराभूत झाल्यावर सॉरॉन शरण आला होता, आणि त्याचा तो पश्चात्ताप, भीतीपोटी का होईना, प्रारंभी कदाचित खराही होता. त्याला परत जाऊन न्यायनिवाड्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा ती मानहानी त्याला सोसवली नाही आणि तो मध्य-पृथ्वीवरच लपून राहिला. इथेही आडवी आली ती नामुष्कीच.

मराठी वाचकाला या ठिकाणी रावण आठवल्याशिवाय राहणार नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडात वृद्ध माल्यवान रावणाला सीतेला परत देऊन संधी करण्याचा सल्ला देतो, आणि रावण उत्तर देतो की माझे दोन तुकडे झाले तरी चालतील, पण मी कोणापुढे नमणार नाही. 'मोडेन पण वाकणार नाही' हे आपल्याकडे घरोघरी बोलले जाणारे वाक्य जणू तिथेच उच्चारलेले आहे. परंतु हे साम्य म्हणजे प्रभाव नव्हे, हे पहिल्या दिवसापासून पक्के असावे. मिल्टनने किंवा टॉल्किनने रामायणातून काही घेतले, असे म्हणायला पुरावा लागतो. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'मधील ड्रॅगनच्या खजिन्यातून चोरलेला पेला 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याकडे बोट दाखवतो, तेव्हा तो संबंध मांडता येतो, कारण ते त्या काव्याचे आयुष्यभराचे अभ्यासक होते आणि 1936च्या आपल्या व्याख्यानात त्यांनी त्यातील राक्षसच काव्याच्या केंद्रस्थानी आहेत असे प्रतिपादन केले होते. (ते व्याख्यान लहान आहे, समीक्षाग्रंथांपैकी सर्वांत आधी तेच वाचावे.) रावणाचा संदर्भ मी म्हणूनच प्रकरणांमधून काढून प्रास्ताविकात ठेवला.

माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत मोलाचे पान मात्र सॉरॉनचे नाही, गॉलमचे आहे. सॉरॉनच्या अंगठीच्या लोभाने बिघडलेला हा जीव, ती अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो आणि त्याचा सेवक सॅम या दोन हॉबिटांचा (बुटक्या जमातीतल्या माणसांचा) वाटाड्या झालेला आहे. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम थकून झोपले आहेत. त्यांचा घात करण्याची व्यवस्था लावून गॉलम परत येतो आणि त्यांना तसे निजलेले पाहून थबकतो. त्याच्या चेहऱ्यावरचा हावरेपणा ओसरतो, तो हात पुढे करतो, मागे घेतो, पुन्हा पुढे करतो आणि फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हलकेच, जवळजवळ मायेने स्पर्श करतो. त्या क्षणी कोणी पाहिले असते तर त्याला एक जीर्ण, दमलेला, आपल्या काळानंतरही उरलेला म्हातारा हॉबिट दिसला असता. पण फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम जागा होतो, त्याला धन्याच्या अंगाला हात लावणारा गॉलम तेवढा दिसतो आणि तो खेकसतो. क्षण निघून जातो. टॉल्किन यांनी एका पत्रात हा प्रसंग आपल्या दृष्टीने कथेतला कदाचित सर्वांत शोकात्म असल्याचे लिहिले आहे. इथे परतीची वाट गॉलमच्या अहंकाराने बंद झालेली नाही. ती एका प्रेमळ, निष्ठावान माणसाच्या संशयाने बंद झाली. 'छाया' किंवा 'फसवा वाटाड्या' असे लेबल लावून हे पान वाचले तर सॅमचा वाटा दिसतच नाही.

विज्ञानकथेकडे वळताना मी सुरुवात 1818च्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून करण्यास सांगते. इथे मिल्टनचा प्रभाव सिद्ध करण्याची गरजच उरत नाही, कारण 'पॅरडाइज लॉस्ट'मधील ओळी शीर्षकपृष्ठावरच आहेत आणि फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो निनावी जीव स्वतः ते काव्य वाचतो. त्याची संधी म्हणजे आंधळ्या वृद्ध डी लेसीशी झालेला काही मिनिटांचा संवाद. चेहरा दिसत नाही तोवर त्याचे बोलणे ऐकले जाते, आणि घरातली माणसे परतताच डी लेसीचा मुलगा फेलिक्स त्याला काठीने मारतो. मेरी शेली यांनी 1831च्या आवृत्तीत बरेच बदल केले असून तिच्यात नियतीचा भार वाढलेला आहे, म्हणून आपण कोणती आवृत्ती वापरत आहोत हे पहिल्याच तळटीपेत लिहावे. मी ते लिहिले नव्हते, आणि त्यापायी सगळी अवतरणे पुन्हा तपासावी लागली.

अर्सुला ले ग्विन यांच्या 1968च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये परत फिरणे अक्षरशः घडते : स्वतःच्याच गर्वातून मोकळ्या सुटलेल्या छायेपासून पळणारा तरुण जादूगार गेड आपला गुरू ओजियन याच्या सांगण्यावरून मागे वळतो आणि तिचा पाठलाग करू लागतो. युंगची परिभाषा या कादंबरीनंतर वाचावी, आधी नाही. आधी वाचली की छायेच्या जागी फक्त व्याख्या दिसते. चित्रपटांमध्ये 1983 साली डार्थ व्हेडर वळतो तो प्रसंग घ्यावा आणि त्याच्यावर अखेरपर्यंत विश्वास ठेवणारा एक माणूस, त्याचा मुलगा, समोर होता, ही गोष्ट गॉलमच्या पायऱ्यांशेजारी मांडून पाहावी. मॅडमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

कामाची पद्धत साधी आहे. प्रत्येक पात्रासाठी वहीची दोन पाने ठेवावीत. डावीकडे संधीच्या प्रसंगातली क्रियापदे उतरवावीत आणि उजवीकडे त्या वेळी आणखी कोण हजर होते व त्याने काय केले ते लिहावे. सिद्धान्तासाठी या वहीत जागा ठेवू नये, तो महिनाभराने आणावा.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे प्रास्ताविक उघडले आणि विचारले की मोडेन पण वाकणार नाही हे तर आपण कौतुकाने म्हणतो, मग तुम्ही ते दोषाच्या बाजूला कसे ठेवता? मी युद्धकांडातला तोच श्लोक पुढे वाचून दाखवला. दुसऱ्या ओळीत रावण स्वतःच म्हणतो की हा माझा जन्मजात दोष आहे, आणि स्वभाव ओलांडता येत नाही.