किनाऱ्यावर फोटोशूट आहे? या चुका टाळा, आणि कपड्यांच्या आधी तिथी बघा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर एका मुलीचं पोर्टफोलिओचं शूट होतं. मॉडेलिंगसाठी मुंबईत प्रयत्न करायचा म्हणून तिने कितीतरी महिने पैसे बाजूला टाकले होते. पाच ड्रेस इस्त्री करून हँगरला लावून आणलेले, सकाळीच पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतलेले, नखं, भुवया, सगळं जागच्या जागी. वेळ ठरली होती संध्याकाळी पाचची. साडेपाच वाजले तरी केस तोंडावरून हटेनात. पाणी भरत वर आलेलं, त्यामुळे उभं राहायला नुसती पावलांनी तुडवलेली कोरडी वाळू. सूर्य तिच्या पाठीमागे, म्हणून चेहरा काळोखात. दोनशेच्या वर फोटो काढले, त्यांतले कामाचे चारसुद्धा नव्हते. तिची आजी सुरूच्या झाडांच्या सावलीत चटई टाकून बसली होती. शेवटी ती म्हणाली, "अगो, आज अष्टमी. तिन्हीसांजेला भरती असायचीच. आधी मला विचारायचंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही पुन्हा गेलो. एक साधा निळा सुती कुर्ता, केस नुसते विंचरलेले. तासाभरात काम झालं.

त्या दिवसापासून कोणी शूटसाठी विचारायला आलं, की मी आधी वेळेचं बोलते. आपल्याकडे तयारी म्हटली की लोक फेशियलपासून सुरुवात करतात. किनाऱ्यावर ती सूर्य, वारा आणि पाणी यांच्यापासून करावी लागते. या तिन्हींचं वेळापत्रक आधी बघितलं, तर बाकीच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: "संध्याकाळी करू, सूर्यास्त मिळेल"

आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलात की सूर्य पाठीशी येतो आणि कॅमेऱ्याला चेहऱ्याची अंधारी बाजू दिसते. सूर्यास्तापुढे काळी आकृती हवी असेल तर ही वेळ उत्तमच. पण पोर्ट्रेटमध्ये डोळे दिसले पाहिजेत. समुद्र मागे हवा आणि चेहऱ्यावर उजेडही हवा, तर सकाळ गाठा. सूर्य पूर्वेला डोंगराआडून वर येतो, तुम्ही समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे बघत असता, उजेड सरळ तोंडावर पडतो. भाट्यासारख्या ठिकाणी सुरूच्या झाडांची लांब सावली सुरुवातीला वाळूवर पसरलेली असते, ती मागे सरली की काम सुरू करायचं. डोळे फार मिचकत असतील तर सावलीच्याच कडेला, समुद्राकडे तोंड करून उभे राहा. समोरचं मोकळं आभाळ म्हणजे केवढी मोठी, मऊ लाइट असते! तिथे मागे समुद्र नसेल, पण इतका एकसारखा उजेड भाड्याच्या स्टुडिओतही मिळत नाही.

वाऱ्याचंही तसंच. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. अशा वेळी समुद्राकडे पाठ केलीत तर मागचे सगळे केस पुढे येऊन गालावर चिकटणार. कितीही स्प्रे मारा, उपयोग नाही. पहाटेपासून सकाळपर्यंत, विशेषतः थंडीच्या दिवसांत, वारा जमिनीकडून हलका येतो. म्हणजे समुद्र मागे ठेवून उभं राहिलात की तोच वारा केस मागे नेतो. उजेड आणि वारा दोन्ही सकाळी तुमच्या बाजूने असतात. संध्याकाळीच जमणार असेल, नोकरी किंवा कॉलेज असेल, तर उलटे फिरा: तोंड समुद्राकडे, कॅमेरा समुद्राच्या बाजूला, आणि मागे माडांची रांग. सूर्य उतरला की चेहऱ्यावर जो सोनेरी रंग येतो त्यासाठी मेकअप अर्धाच पुरतो. फक्त वेळेचा हिशेब ठेवा. डिसेंबरात रत्नागिरीला सूर्य सहाच्या थोडा पुढे बुडतो, मेअखेर सातच्या सुमाराला. डिसेंबरात पाचला यायचं ठरवून साडेपाचला पोचलात तर हातात अर्धाच तास उरतो.

आता पाणी. कोळीवाड्यात म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते घड्याळ न बघता भरती सांगतात. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पाणी पूर्ण भरतं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं, दक्षिणेकडे जरा लवकर. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. याचा अर्थ असा, की पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे आरशासारखी ओली वाळू खूप मोठी उघडी पडते. पाण्यात उतरलेलं आभाळ आणि तुमचं प्रतिबिंब हवं असेल तर हेच दिवस धरा. सकाळीही त्याच दिवसांत पाणी उतरलेलं मिळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार वरही येत नाही आणि फार मागेही जात नाही. कालनिर्णय भिंतीवर असतंच. शूटची तारीख ठरवताना त्यातली तिथी बघा, आणि वेळ पक्की करायला मोबाईलवर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. खडकांवर उभं राहून फोटो काढायचे असतील तर हे फक्त फोटोसाठी नाही, जिवासाठी बघायचं आहे. पाणी चढत असताना खडकावर जाऊ नका. पावसाळ्यात तर शेवाळलेल्या कातळावर अजिबात नाही, फोटोग्राफर कितीही आग्रह करो.

वाळूचा रंगही कामाला येतो. रत्नागिरीत मांडवीची वाळू काळसर, ती उजेड गिळते. भगवती किल्ल्याच्या पलीकडे पांढरा समुद्र, तिथली फिकी वाळू खालून उजेड परत फेकते आणि डोळ्यांखालच्या सावल्या हलक्या करते. नाट्यमय, गडद फोटो हवे असतील तर काळी वाळू. स्वच्छ चेहरा हवा असेल तर फिकी.

चूक दुसरी: "वाडीत सावली आहे, तिथे छान येतील"

नारळी-पोफळीच्या वाडीत खोलवर गेलात की सगळा उजेड पानांतून गाळून येतो आणि गालांवर हिरवट छटा चढते. डोळ्यांना ती कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शिवाय झावळांच्या फटींतून पडलेले उन्हाचे कवडसे कपाळावर पांढरे डाग करतात. जांभ्याच्या गडग्याजवळ, म्हणजे तांबड्या दगडाच्या कुंपणाजवळ, किंवा लाल मातीच्या वाटेवर हनुवटीखाली तांबूस रंग येतो. उपाय महाग नाही. वाडीच्या आत न जाता कडेला उभे राहा, आणि एक जुनी पांढरी चादर जवळ ठेवा. मी ती कधी मातीवर अंथरते, कधी कोणाला तरी बाजूला धरायला लावते. थर्माकोलचा पांढरा तुकडाही चालतो. चादर अंथरल्यावर मानेखालचा तांबडेपणा जातो तो डोळ्यांनी दिसतो, आणि ज्यांचं शूट असतं ते हमखास विचारतात, "एवढ्याने?" हो, एवढ्याने.

चूक तिसरी: कपडे दुकानातल्या आरशात बघून निवडणं

बारीक रेघा आणि बारीक चौकड्या टाळा. कापडाच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी यांची गाठ पडली की फोटोत लाटांसारखी नक्षी उमटते, आणि ती नंतर काढणं फार कष्टाचं काम आहे. गडग्यापुढे तांबडा रंग विरघळतो, वाडीत हिरवा हरवतो. मोहरी, गर्द निळा, वांगी, कोरा पांढरा हे रंग आपल्या किनाऱ्यावर उठून दिसतात. पांढरा घालणार असाल तर गाडीतून उतरल्यावर लाल मातीतून चालत जाऊ नका, किनाऱ्यावर पोचून बदला. पांढऱ्याच्या आत पांढरे कपडे दिसतात, अंगाच्या रंगाचे घाला. लिनन नेसून दीड तास गाडीत बसलात तर चुण्या पडणारच. नऊवारी असेल तर नेसवणारी बाई सोबत असू दे. वाळूत चार पावलं चालल्यावर काष्टा सैल होतो आणि तो आपल्याला मागून दिसत नाही. इस्त्री आदल्या दिवशी दुपारीच उरका, रात्रीवर ठेवू नका. विजेचा भरवसा नसतो.

घड्याळ, घट्ट मोजे, इलॅस्टिक यांचे वळ अंगावर बराच वेळ राहतात. शूटच्या तासभर आधी सगळं काढून सैल कपड्यांत राहा.

त्वचेबद्दल थोडक्यात. फेशियल करायचंच तर आठवडाभर आधी, थ्रेडिंग-वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी. नवीन क्रीम त्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. केस आदल्या दिवशी धुवा आणि त्यानंतर खोबरेल लावू नका. तेलाने फोटोत केसांच्या बटा सुट्या न दिसता चप्प बसतात. रात्री सुकट, पापड, लोणचं जरा बाजूला ठेवा. खारट खाल्लं आणि झोप कमी झाली की सकाळी डोळ्यांखाली सूज असते, आणि ती कन्सीलरने झाकली तरी आकार तसाच राहतो.

मेकअपमध्ये मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो गोऱ्या शेडच्या फाउंडेशनचा. आपल्या मुली सावळ्या आहेत आणि फोटोत ती सावळी त्वचा उन्हात इतकी सुंदर उजळते, तरी पार्लरमध्ये दोन शेड वरचं लावून पाठवतात. मग चेहरा राखाडी आणि मान वेगळ्या रंगाची. शेड जबड्याच्या कडेला लावून, दारात दिवसाच्या उजेडात बघूनच घ्या. फ्लॅश वापरणार असतील तर फोटोग्राफरला आधी विचारा. काही सनस्क्रीन आणि पावडरींमध्ये झिंक किंवा टायटॅनियम असतं, त्यावर फ्लॅश पडला की चेहरा पांढराफटक येतो. घाम आला की पुसू नका, टिश्यू दाबून टिपा, मग अगदी थोडी पावडर. पुसलंत की सगळं निघून येतं.

चेहरा आणि उभं राहणं

"मी आरशात बरी दिसते, फोटोत नाही" असं जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो आणि त्याचीच सवय झालेली असते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू कोणाच्याच सारख्या नसतात, त्यामुळे फोटोतली सुलट प्रतिमा परकी वाटते. तुम्हाला रोज भेटणाऱ्यांना ती अजिबात परकी वाटत नाही. म्हणून सराव आरशापुढे करण्यापेक्षा मोबाईल टेकवून, टायमर लावून करा. मोबाईल हाताच्या अंतरावर धरू नका. कॅमेरा इतका जवळ असला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोन मीटर लांब ठेवा आणि झूम करा. हनुवटी किंचित पुढे आणि मग खाली, वजन मागच्या पायावर, खांदे कॅमेऱ्याला तिरपे. हात काय करायचे कळत नसेल तर त्यांना काहीतरी काम द्या, ओढणी धरा, चप्पल हातात घ्या. चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा काढायची गरज नाही. कानावरच्या काड्या जराशा वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

मॉडेलिंगसाठी पाठवायचे फोटो मात्र वेगळे. एजन्सीला आधी साधे, बिनमेकअपचे फोटो हवे असतात: केस मागे बांधलेले, अंगाबरोबर बसणारे साधे कपडे, मोकळी भिंत, समोरून, बाजूने, पाठीकडून. सोबत खरी उंची आणि मापं. समुद्र, नऊवारी, उडती ओढणी हे त्यानंतरचं. गुळगुळीत एडिट केलेला चेहरा पाठवून प्रत्यक्षात वेगळे दिसलात तर तिथेच विश्वास जातो. आणि नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागणारे, किंवा पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा म्हणणारे भेटले तर थांबा. खरी एजन्सी तुम्हाला काम मिळाल्यावर त्यातून कमिशन घेते. पहिल्या शूटला घरचं कोणीतरी बरोबर असलंच पाहिजे, यावर मी कधीच तडजोड करत नाही. चांगला फोटोग्राफर त्याबद्दल नाराज होत नाही.

फोटो कुठे वापरले जातील हे आधीच लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतलेत आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्क तुमचा. पैसे न घेता दोघांच्या सोयीने शूट झालं असेल तर हक्क फोटोग्राफरकडे राहतो. म्हणून दोन ओळींचा का होईना, कागद करा.

जागेवर गेल्यावर

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, परत येते. पोचण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा, कॅमेरा बॅगेतच राहू दे. चष्म्यालाही हेच लागू. वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, त्यांचा थर लेन्सवर बसतो आणि फोटो धुरकट येतात. दर थोड्या वेळाने तपासा.

सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्यावर शूट ठरवत असाल तर ते पुरातत्त्व खात्याचे किल्ले आहेत. ट्रायपॉड आणि व्यावसायिक शूटसाठी परवानगी आधी काढावी लागते. होडीने जायचं आहे, म्हणजे पावसाळ्यात बेत आखू नका.

शेवटचं, होड्यांबद्दल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्या रंगांपुढे फोटो फार सुरेख येतात. पण ती कोणाची तरी होडी आहे, कोणाची तरी जाळी आहे. चढण्याआधी, टेकण्याआधी विचारा, चपला काढून चढा. एरवी हर्णैसारख्या बंदरात लिलाव चालू असताना मध्ये उभं राहून पोज देऊ नका, त्या बायकांचा तो धंद्याचा वेळ असतो. त्यांच्याशी बोला, दर विचारा, मासे घ्या, मग म्हणा, "मावशी, एक फोटो काढू का?" हो म्हणाल्या तर काढा, आणि एक प्रिंट करून पुढच्या फेरीला नेऊन द्या. मी नेते. हात पुसून त्या फोटो कडेने धरून बघतात, आणि मग शेजारणीला हाक मारतात.