पोकर चिपांवरचे स्टिकर कडेने सुटत होते, ते असे थांबवले

पोकर चिपा म्हणजे पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्या. थीम आपल्या बेळगाव भागाची: १ किमतीच्या चिपेवर कुंद्याची वाटी, ५ वर करदंट (सुक्यामेव्याची मिठाई), २५ वर राजहंसगड किल्ला, १०० वर गोकाकचा धबधबा. रंग मात्र नेहमीचेच, पांढरा, लाल, हिरवा, काळा. तिथे हौस केली की मोजताना घोळ होतो. एकूण ३०० चिपा (१००, १००, ७५, २५), म्हणजे दोन्ही बाजूंचे ६०० स्टिकर. वर दहा टक्के जास्तीचे छापून घ्या.

चिप ३९ मिमीची, मधला खोलगट गोल २५ मिमीचा. पहिल्यांदा स्टिकरही बरोबर २५ चाच कापला, तिथेच चुकलं. चिकटवताना केसभर सरकला तरी कड खाचेच्या भिंतीवर चढते आणि चिपा पिसताना नख नेमकं तिथे अडकतं. २४.५ मिमीवर आणल्यावर तो खाचेत सपाट बसला.

कागदी स्टिकर आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगतात. विनाइल घ्या, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर बल्बचा उजेड पडला की आकडाच दिसत नाही. चिकटवण्याआधी खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, साच्याचा तेलकटपणा राहिला तर कुठलाच गोंद टिकत नाही.

कडेची सोनेरी रिंग मी काढूनच टाकली. कटिंग अर्धा मिमी हललं की ती एकीकडे जाड, दुसरीकडे गायब. त्याऐवजी पार्श्वरंग कापाच्या रेषेबाहेर २ मिमी वाढवला, आकडा २ मिमी आत घेतला. देवनागरी १ आणि ९ लांबून सारखेच भासतात, म्हणून ९ असलेली किंमतच ठेवली नाही.