एकच खोली, तान्हं बाळ आणि साडेतीन वर्षांची मोठी: झोपायचं कसं बसवायचं

आमची भुसावळची खोली दहा बाय बारा, त्यातच कपाट, दिवाण, कूलर. गेल्या एप्रिलात धाकटा झाला तेव्हा सगळे एकच विचारायचे, पाळणा कुठे टांगणार? मला मात्र वाटतं आधी मोठीचं बघा. तिची झोपायची जागा बाळ यायच्या दीड-दोन महिने आधीच पक्की करा, कारण बाळ आल्यावर तिला हलवलं की तिच्या मनात बसतं, ह्याच्यामुळे मला आईजवळून उठवलं.

आम्ही सातव्या महिन्यातच दिवाण दिरांकडे दिला आणि खाली गाद्या घातल्या, खाली झोपलं की कोणी पडायची भीती नाही. भिंतीकडून मोठी, मग तिचे पप्पा, मग मी, आणि माझ्या पलीकडे बाळाची वेगळी छोटी गादी. मोठी आणि बाळ शेजारी नकोच, पोरं झोपेत लाथा मारतात, पांघरूण ओढतात, त्यांना काय कळणार. बाळाची गादी भिंतीला किंवा कपाटाला टेकवून पण ठेवू नका, मधल्या फटीत बाळ अडकू शकतं.

गादी कडक हवी, हाताने दाबली तर हात रुतायला नको, चादर ताणून चारी बाजूंनी खोचलेली. बाळ पाठीवरच झोपवायचं, दुपारची डुलकी असली तरी. उशी, गोधडी, मऊ खेळणी काही नको. सासूबाईंनी हौसेने मोहरीची उशी शिवली होती, मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी वर्षभर उशी नको म्हटलंय", त्यांना जरा वाईट वाटलं पण ऐकलं. ती उशी आता मोठीच्या बाहुलीला, रोज रात्री तिला थोपटून म्हणते, "जपी जाय माय."

झोळीत बाळ पटकन झोपतं हे खरं, पण त्यात मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, म्हणून आपण समोर असू तेवढा वेळच, रात्रभर नाही.

आता आपल्याकडचा उन्हाळा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेल्यावर कूलरशिवाय भागत नाही, पण वारा बाळावर सरळ सोडू नका, तोंड दुसरीकडे फिरवा आणि खिडकी उघडी ठेवा नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. बाळाला पातळ झबलं आणि लंगोट पुरे, टोपडं घालून झोपवू नका. गरम होतंय का ते हातपाय धरून नाही कळत, मानेला नाहीतर छातीला हात लावून बघा. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासा, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात होतात. आणि मोठी ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला हात लावते, तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच, हे मी कळकळीने सांगते.

रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायला उठावंच लागतं. झिरोचा बल्ब, पाण्याची बाटली, दुपटी सगळं हाताशी ठेवा, म्हणजे मोठा लाईट लावावा लागत नाही. पाजून झालं की बाळ परत त्याच्या गादीवर. सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजताना डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं, झोप अनावर होत असेल तर खाली गादीवरच पाजा. घरात कोणी बिडी-सिगारेट किंवा दारू पीत असेल, झोपेची गोळी घेत असेल, किंवा बाळ दिवसांआधी झालेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, तर बाळाला शेजारी एकाच अंथरुणात अजिबात घेऊ नका.

मोठीला आधी झोपवा. आमच्याकडे नऊ वाजता बाळ आजीजवळ स्वयंपाकघरात, आणि मी वीस मिनिटं फक्त मोठीची, गोष्ट, गाणं, पाठ खाजवणं, जे म्हणेल ते. ती झोपली की बाळ आत आणायचं. पहिले आठ-दहा दिवस रडण्याने ती उठायची, तेव्हा पप्पांनी लगेच तिच्याकडे वळायचं, मी बाळाकडे, हे आम्ही आधीच ठरवलेलं. आता ती कुशीसुद्धा बदलत नाही.