घरचे वायफाय सुरक्षित कसे करावे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमचे घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या घरांना लागून आहे, त्यामुळे फोनवर वायफायची यादी उघडली की दहा-बारा नावे दिसतात आणि अर्थातच तेवढ्या घरांना आमचेही नाव दिसते. लहरी भिंतीपाशी अडत नाहीत, म्हणून जो बंदोबस्त करायचा तो राऊटरमध्येच करावा लागतो. काम साधारण अर्ध्या तासाचे आहे.

प्रथम राऊटर उलटा करून तळाशी चिकटवलेली चिठ्ठी वाचावी. तिच्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकल्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जातो. हा पासवर्ड वायफायचा नव्हे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. ज्याच्या हाती हा दुसरा पासवर्ड असेल, तो तुमचे वायफाय बदलू शकतो, बंद करू शकतो आणि तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. आमच्याकडे जोडणी करून गेलेल्या माणसाने नाव आणि पासवर्ड या दोन्ही जागी ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द ठेवला होता, आणि दोन वर्षे तो तसाच राहिला. म्हणून सर्वांत आधी हा पासवर्ड बदलावा आणि नवा कागदावर लिहून कपाटात ठेवावा.

त्यानंतर वायरलेस सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायवरून जाणारी माहिती कुलूपबंद करण्याची नवी पद्धत, निवडावे. हे मानक २०१८ साली आले, त्यामुळे जुनी उपकरणे जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय, आणि तोही नसेल तर एईएस या कूटलेखन पद्धतीसह डब्ल्यूपीए२ घ्यावे. डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीला मात्र हात लावू नये, कारण त्यातील दोष २००१ सालीच उघडे पडले होते.

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. नावापुढे जन्मसाल जोडण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत, उदाहरणार्थ उखळ, पतंग, सेवउसळ, तांब्या (हेच चार नकोत, हे सांगायला नकोच). पासवर्ड बदलताच घरातल्या सगळ्या उपकरणांची वायफायची जोडणी तुटते, म्हणून ही पायरी घरातल्या कोणाची ऑनलाइन बैठक किंवा परीक्षा नसताना करावी.

पुढे डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय, बंद करावी. त्यातला पिन आठ अंकी असला तरी शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि राऊटर पिनचे पहिले चार आणि उरलेले तीन अंक वेगवेगळे तपासतो, त्यामुळे दहा हजार आणि एक हजार मिळून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. ही त्रुटी २०११ मध्ये उघड झाली. बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय असेल तर तीही बंद करावी, आणि राऊटरच्या सॉफ्टवेअरचे अपडेट आले असल्यास घ्यावे.

वायफायचे नाव लपवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण साध्या साधनांनीही ते नाव कळते, तेव्हा त्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करावे. उत्तरायणाला गच्चीवर वीस माणसे जमतात आणि प्रत्येक जण पासवर्ड मागतो. नाही म्हणणे जड जाते आणि घरचा पासवर्ड दिला की तो सोसायटीभर होतो. स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट बल्बही याच नेटवर्कवर टाकावेत, म्हणजे घरचे संगणक त्यांच्यापासून वेगळे राहतात.

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून अनोळखी नावे तपासावीत. एकेका उपकरणाचे वायफाय बंद करून यादीतून काय जाते ते पाहिले की ओळख पटते. नवे फोन कधी कधी आपला हार्डवेअर पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) बदलून जोडले जातात, त्यामुळे एकच फोन दोनदा दिसला तर घाबरू नये. आमच्या यादीतले शेवटचे अनोळखी नाव आईच्या खोलीतल्या टीव्हीचे निघाले.