इटलीतील पाककला वर्ग : या चुका टाळा

इटलीच्या सहलीत एक सकाळ राखून ठेवून स्वतःच्या हाताने पास्ता किंवा पिझ्झा करायला शिकण्याची कल्पना आता चांगलीच रुळली असून रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या, नेपल्स या शहरांत असे वर्ग वर्षभर चालतात. पैसे मोजून गेलेले बहुतेक लोक तिथे पोटभर जेवतात, भरपूर छायाचित्रे काढतात आणि समाधानाने परततात; मात्र घरी तोच पदार्थ करायला घेतला की तो जमत नाही आणि दोष तिथल्या पिठाला, अंड्यांना, नाहीतर पाण्याला दिला जातो. खरी चूक बहुधा त्याआधीच झालेली असते. वर्ग निवडताना केवळ पदार्थांची यादी पाहिली जाते आणि वर्गात बसल्यावर हातापेक्षा वहीवर अधिक भरवसा ठेवला जातो.

प्रदेश न पाहता पदार्थ निवडणे

इटलीचे स्वयंपाकघर एक नाही. उत्तरेकडील एमिलिया-रोमान्या प्रांतात मऊ गव्हाचे पीठ आणि अंडी यांचा पास्ता लाटतात, तर दक्षिणेकडील पुलियात कठीण गव्हाचा बारीक रवा आणि पाणी एवढ्यावरच ओरेक्यित्ते हा कानाच्या आकाराचा छोटा पास्ता वळतात. बोलोन्यात रागू हा मांसाचा रस्सा स्पॅगेटीवर नव्हे, तर ताल्यातेल्ले या लांब, चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर वाढतात. या पट्ट्यांची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर असावी, अशी नोंद 1972 मध्ये तिथल्या वाणिज्य मंडळात करण्यात आली आणि 1982 मध्ये रागूची कृतीही तिथेच नोंदवली गेली. ज्या गावाला आपल्या पास्त्याच्या रुंदीची एवढी काळजी आहे, तिथे जाऊन पिझ्झा शिकण्यात काही अर्थ नाही.

फ्लोरेन्समध्ये पिझ्झा आणि जेलातो (इटालियन आइस्क्रीम) यांचे वर्ग मोठ्या संख्येने चालतात. मुले बरोबर असतील तर ते मजेचे असतात, परंतु त्यांतून फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानाच्या स्वयंपाकाची ओळख होत नाही. त्या भागात असताना सिएनाकडचा पिची शिकावा. तो पीठ, पाणी आणि थोड्या तेलात होतो, फळीवर तळहाताने वळून त्याचे जाड दोरे करतात आणि त्यात अंडे घालण्याची गरज नसते. पिझ्झा शिकायचा असेल तर नेपल्स गाठावे. तिथल्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेचा 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आहे.

लांबलचक यादीला भुलणे

तीन तासांत दोन प्रकारचे पास्ते, दोन सॉस, पिझ्झा आणि तिरामिसू हा कॉफी-चिजाचा गोड पदार्थ, अशी जाहिरात दिसली की साधा हिशेब करून पाहावा. रागू मंद आचेवर दोन-तीन तास शिजावा लागतो आणि नेपल्सच्या पिझ्झ्याचा उंडा कित्येक तास फुगत ठेवावा लागतो. म्हणजे यादीतील निम्मे पदार्थ आधीच तयार असणार आणि आपल्या वाट्याला केवळ त्यांवर चीज भुरभुरण्याचे काम येणार. एक पास्ता आणि त्याला साजेसे एक-दोन सॉस शिकवणारा वर्ग यादीत बारीक दिसत असला, तरी शिकवण्यात तोच सरस ठरतो.

पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत : प्रत्येकाला स्वतंत्र फळी आणि स्वतंत्र पीठ मिळते का, आणि एका शिक्षकामागे किती माणसे असतात? प्रत्यक्ष सहभागाच्या नावाखाली काही ठिकाणी शिक्षक मळतो आणि बाकीचे आळीपाळीने दोन-दोन हात फिरवतात. उत्तर मोघम आले तर दुसरा वर्ग शोधावा.

बाजारफेरी असलेला वर्ग निवडताना वार पाहणे अगत्याचे आहे, कारण रोमचा तेस्ताच्चो किंवा फ्लोरेन्सचा सान्त आंब्रोज्यो यांसारखे भाजीबाजार रविवारी बंद असतात. 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुटीच्या आसपास तर निम्मी दुकाने बंद असल्यामुळे ती फेरी नावापुरतीच होते. वर्ग गावाबाहेरच्या शेतघरात असेल तर रविवारी बस मिळेलच असे नाही, आणि भाड्याच्या मोटारीने शहरातून निघताना जुन्या भागातील मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्रात चुकून शिरल्यास दंडाची नोटीस मागाहून घरपोच येते.

पथ्य ऐन वेळी सांगणे

शाकाहारी आहोत एवढेच सांगणे पुरेसे नसते. पार्मिज्यानो रेज्ज्यानो हे चीज वासराच्या आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य वापरून करतात, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी नोंदणीच्या वेळीच चिजाचा स्वतंत्र उल्लेख करावा. तिरामिसूमध्ये बहुधा कच्ची अंडी असतात आणि काही जण त्यात मद्यही घालतात. गर्भवतींनी हे आधी विचारून घ्यावे. ग्लूटेन (गव्हातील चिकट प्रथिन) पूर्णपणे वर्ज्य असणाऱ्यांनी तर नेहमीच्या वर्गात वेगळे पीठ मागून भागवू नये. दहा माणसे पीठ उधळत असलेल्या खोलीत ते पीठ हवेतही असते आणि फळीवरही. त्यांच्यासाठी संपूर्ण ग्लूटेनमुक्त वर्ग हाच सुरक्षित मार्ग आहे.

उंड्यातील चुका आणि त्यांवरचे उपाय

अंड्याच्या पास्त्याचे रूढ प्रमाण 100 ग्रॅम पिठाला एक अंडे असे आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण ते वहीत लिहून घेतो. अडचण अशी की युरोपात मध्यम आकाराचे अंडे 53 ते 63 ग्रॅमचे असते आणि मोठे 63 ते 73 ग्रॅमचे, म्हणजे तीन अंड्यांच्या पास्त्यात ओलाव्याचा फरक सहज तीस ग्रॅमपर्यंत जातो. म्हणूनच सुरुवातीला सगळे पीठ अंड्यांत मिसळू नये. मूठभर बाजूला ठेवावे आणि उंडा हाताला चिकटू लागला तरच चिमटीचिमटीने घ्यावे. उंडा कोरडा पडून भुगा होत असेल तर पाणी ओतू नये. बोटे पाण्यात बुडवून त्याच ओल्या हातांनी मळत राहावे. पहिल्या दोन-तीन मिनिटांत उंडा ओबडधोबडच दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळी घाबरून पाणी किंवा पीठ घालण्याची घाई केली जाते. दहा मिनिटे तळहाताच्या टाचेने दाबत, दुमडत मळले की तो आपोआप गुळगुळीत होतो.

लाटताना पट्टी पुन्हा आखडत असेल तर दोष हाताच्या ताकदीत नाही. मळल्यावर ग्लूटेनचे धागे ताणलेले असतात आणि ते सैल पडायला अर्धा तास लागतो. तोवर उंडा झाकून ठेवावा. वेळ वाचवण्यासाठी काही वर्गांत आधी मळून मुरवलेला उंडा पुढे ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण त्याला बोट लावून पाहावे आणि मग आपल्या ताज्या उंड्याला लावून पाहावे. या दोन स्पर्शांतील फरक हीच त्या दिवसाची खरी शिकवण आहे, आणि ती छायाचित्रात येत नाही.

बोलोन्यात हाताने लाटलेल्या पातळ पापुद्र्याला स्फोल्या म्हणतात आणि त्यासाठी मात्तारेल्लो नावाचे हातभर लांबीचे लाटणे लागते. पोळ्या लाटण्याची सवय असलेला हात इथे सुरुवातीला आडवा येतो, कारण पोळी दाबाने पसरते, तर स्फोल्या लाटण्याभोवती गुंडाळून, तळहात मधून कडेकडे सरकवत ताणायची असते. मधोमध दाब देत राहिल्यास मध्य फाटतो आणि कडा जाड राहतात. कडा तडकू लागल्या तर समजावे की हवेने ओलावा शोषला आहे. ज्या भागावर काम चालू नाही तो भाग फडक्याखाली ठेवावा.

तोर्तेल्लिनी किंवा रॅव्हिओली हे सारण भरलेले पास्ते उकळीत फुटतात त्याची कारणे तीनच : आत कोंडलेली हवा, सुकलेली किंवा पीठ लागलेली कडा, आणि पाणी सुटणारे सारण. सारणाभोवती बोट फिरवून हवा बाहेर काढावी, कडा कोरडी वाटली तर पुसटसे पाणी लावावे आणि सारणातील रिकोत्ता हे मऊ, ओलसर चीज आधी चाळणीत निथळू द्यावे. कापलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांवर मऊ पिठाऐवजी बारीक रवा भुरभुरावा. मऊ पीठ ओलावा शोषून त्यांची लगदी करते.

चुलीपाशी

ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, त्यामुळे सॉस तयार झाल्याखेरीज तो पाण्यात सोडू नये. पाण्यात तेल घालणे आणि शिजलेला पास्ता धुणे या दोन्ही सवयी सोडून द्याव्यात, कारण तेलाने आणि धुण्याने सॉस पास्त्याला धरत नाही. शिजवलेले पाणी वाटीभर काढून ठेवणे मात्र विसरू नये, कारण त्यातील पिष्टानेच सॉस दाटतो.

रोममधील वर्गात हमखास बिघडणारे दोन पदार्थ म्हणजे काचो ए पेपे (चीज आणि मिरीचा पास्ता) आणि कार्बोनारा (अंडी, चीज आणि डुकराच्या मांसाचा पास्ता), आणि दोन्ही बिघडतात ते उष्णतेने. काचो ए पेपेत पेकोरिनो अतिगरम तव्यावर पडला की त्यातील प्रथिने आकसून गुठळ्या होतात. चीज अगदी बारीक किसून, थोड्या कोमट पाण्यात कालवून, भांडे आचेवरून उतरवल्यावरच घालावे. कार्बोनारात अंडी आणि चीज याच रीतीने आच बंद करून मिसळावे लागते, नाहीतर अंडाभुर्जी होते. त्यात क्रीम घालण्याचा आग्रह तिथे धरू नये. त्याचा मऊपणा अंड्यातूनच यायला हवा.

नेपल्समध्ये शिकलेला पिझ्झा घरच्या ओव्हनमध्ये तसाच होईल, ही अपेक्षाही चुकीची आहे. तिथली लाकडाची भट्टी सुमारे 485 अंश सेल्सिअसला तापलेली असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो, तर घरचे ओव्हन साधारण 250 अंशांपर्यंतच जाते. कमी आचेवर पिझ्झा जास्त वेळ राहतो आणि सुकतो. म्हणून शिक्षकाला घरच्या ओव्हनसाठी पाण्याचे प्रमाण किती वाढवावे, हे तिथेच विचारून घ्यावे.

निघताना

उरलेला पास्ता बांधून दिला तर तो हॉटेलच्या खोलीत वाळत घालण्याचा मोह आवरावा; अंड्याचा ओलसर पास्ता दमट हवेत लवकर बिघडतो. फ्रिज असेल तर तो थंड ठेवून त्याच दिवशी संपवावा, नाहीतर तिथेच सोडून यावा. मात्तारेल्लो विकत घेण्याआधी त्याची लांबी बॅगेला लावून पाहावी. तो हातातल्या सामानात नेऊ दिला जाईल याची खात्री नसते, तर न्योक्की या बटाट्याच्या छोट्या गोळ्यांवर रेघा उमटवण्याची छोटी लाकडी फळी कपड्यांच्या घडीत सहज मावते.