साठीनंतरचं पोट: मटण सोडण्याआधी ताट बघा

सोलापुरात साठी ओलांडली की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता मटण बंद करा." पण आतड्यातल्या जिवाणूंना मटणापेक्षा चोथ्याशी, म्हणजे फायबरशी, जास्त देणंघेणं असतं. चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावर पोसलं जातं. २०१४ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही स्वयंसेवकांना पाच दिवस फक्त मांस, अंडी, चीज असा आहार दिला होता. तेवढ्यात पित्तरस सोसणारे जिवाणू वाढले, चोथा खाणारे घटले. म्हणजे ताट बदललं की जिवाणूही लगेच बदलतात.

१. आधी तीन दिवस जे खाल ते लिहून काढा. दात गेले की माणूस मऊ भात, चहा आणि बिस्किटावर येतो. असं ताट शाकाहारी असलं तरी जिवाणूंना उपाशीच ठेवतं.

२. ज्वारी सोडू नका. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात ३ च्या आसपास. कडक भाकरी चावत नसेल तर आमटीत चुरून दहा मिनिटं मुरू द्या. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाल्ली तर आणखी बरं. भाकरी गार झाली की तिच्यातलं थोडं पिष्ट सहज पचेनासं होतं आणि थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतं. मात्र उन्हाळ्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सोलापूरच्या उकाड्यात अन्न विटायला वेळ लागत नाही.

३. मटकी, हुलगा, पालेभाजी हळूहळू वाढवा. पहिला आठवडा दोन चमचे उसळ पुरे, नाहीतर गॅस धरेल आणि दोष कडधान्याला जाईल. पाणी वाढवायला विसरू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी आणि डाळी, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

४. मटण आवडत असेल तर रविवारी खा, पण वरची तर्री काढून टाका. सोबत भाताऐवजी भाकरी, कांदा, काकडी घ्या. लाल मांसातल्या कार्निटिनपासून काही जिवाणू जो पदार्थ बनवतात, त्याचं यकृतात टीएमएओ नावाचं रसायन होतं आणि त्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला जातो. म्हणून रोज नको. पण एकदम बंद करून नुसत्या पातळ वरण-भातावर येणंही बरं नाही. म्हातारपणी स्नायू झपाट्याने झिजतात. म्हणून प्रथिनांसाठी मासे, अंडी, दही, डाळ यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवंच.

५. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच. मोठ्या आतड्यातले जिवाणू हे जीवनसत्त्व थोडंफार बनवतात, पण ते शोषण्याची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी येते. त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही.

शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडलं किंवा वजन उतरू लागलं, तर ताकभाकरीचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांकडे जा.