अंगणवाडीत गाणं कसं वापरायचं (आवाज बरा नसला तरी)

पहिलं म्हणजे गाण्याचा वेगळा तास ठेवू नका, गाणं कामातच घुसवायचं. ३ ते ६ वर्षांची पोरं, "चला रांग करा" दहादा ओरडून ऐकत नाहीत, आपला घसाच बसतो, त्यापेक्षा रोज त्याच वेळी तीच ओळ गायची. चपला काढताना आमची ओळ, "चपला चपला जोडीनं, बसा जरा गोडीनं", आठवडाभरात पोरं स्वतःच म्हणायला लागली आणि एकमेकांच्या चपला पण लावायला लागली.

चाल दोन-तीन सुरांचीच ठेवा. आपण बायका सवयीनं खालच्या पट्टीत गातो, पोरांना तिथवर उतरता येत नाही मग ती नुसती ओरडतात, म्हणून थोडं वर धरा. हात धुताना मात्र गाणं २० सेकंद तरी पुरलं पाहिजे, नाहीतर साबण तसाच राहतो आणि खिचडीत जातो.

घरी वारली, अहिराणी बोलणारी पोरं असतील तर आजीला बोलवा, तिची गाणी घ्या. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला बालवाडीत परिसरातलंच सामान वापरलं होतं, गाण्याचंही तसंच करायचं.

मोबाईलवर गाणी लावून बसू नका हो, पोरं गात नाहीत, नुसती बघतात. आणि एखादं पोर गप्प असेल तर असू दे, ते घरी जाऊन गातं.